ए तारेतली जवारी : सेमी-हॉलो बास घेतला, सुधारला, त्याचे सतरा महिने

३० मार्च २०२५, गुढीपाडवा. त्या संध्याकाळी आमच्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये माझा बास, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारी चार तारांची गिटार, पहिल्यांदा लोकांसमोर वाजला. तो घरात आला होता नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधल्या सतरा महिन्यांत मी तो दोनदा विकायला काढला, एकदा दोन महिने कपाटामागे उभा करून ठेवला आणि एकदा पुराच्या भीतीनं बहिणीकडे नेऊन ठेवला. सांगलीत बास वाजवणारे मोजकेच. सेमी-हॉलो बास तर मी इथं दुसऱ्या कुणाकडे पाहिलेला नाही. अडलं की विचारायचं कुणाला, हेच कळत नसे. माझ्यासारखं कुणी अडलेलं असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून डायरीतल्या नोंदी समोर ठेवून लिहिते आहे.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. बास हातात घेतला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. ग्रुपमधला आधीचा वादक नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि त्याचं वाद्य आमच्याकडे राहिलं, तेव्हा सुरुवात झाली. ते वाद्य ३४ इंची होतं. खुंट्यांच्या डोक्याशी असलेल्या नटपासून (खाचांच्या पट्टीपासून) अंगावरच्या ब्रिजपर्यंत (घोडीपर्यंत) तारेची जी लांबी वाजते, तिचं हे माप. फेंडर या गिटार कंपनीनं १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला तेव्हापासून ३४ इंच हेच सर्वसाधारण माप होऊन बसलं आहे. माझी करंगळी पहिल्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे नेकवर, गिटारच्या लांब दांडीवर, बसवलेले धातूचे पडदे) चौथ्यावर जाता जाता ताणली जायची. वर्षभरात मनगट आणि डावा खांदा इतका धरला, की फिजिओथेरपिस्टनी स्पष्टच विचारलं, "वाद्य बदलता की वाजवणं सोडता?"

मग शोधाशोध केली आणि शॉर्ट स्केल बासची माहिती मिळाली. तार तीच, सूर तोच ठेवून लांबी ३४ वरून ३०.५ इंचांवर आणली, तर तारेवरचा ताण जवळजवळ एक पंचमांश कमी होतो. बोटांना हे लगेच जाणवतं. या जातीतलं जुनं आणि देखणं वाद्य म्हणजे गिब्सन कंपनीचा ईबी-२. तो १९५८ चा, ज्या वर्षी ईएस-३३५ ही गिटार आली त्याच वर्षीचा आणि तिच्याच अंगाचा. दोन्ही बाजूंनी पोकळ, वर व्हायोलिनसारखी एफ आकाराची भोकं आणि मधोमध नेकच्या सांध्यापासून शेपटापर्यंत लाकडाचा ठोकळा. या ठोकळ्यामुळेच त्याला सेमी-हॉलो म्हणायचं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफ्नर बास पूर्ण पोकळ आहे, त्याच्यात असा ठोकळा नाही. ठोकळ्यामुळे आवाज जास्त टिकतो आणि स्टेजवर घोंघावणं कमी होतं.

खरा जुना ईबी-२ माझ्या आवाक्यातला नव्हे. त्याच धाटणीवर आशियातल्या एका कारखान्यात बनलेला, दोन पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारं चुंबक) बास पुण्यात एक विद्यार्थी विकत होता. त्याला शिकायला परदेशी जायचं होतं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी कोथरूडला त्याच्या खोलीवर गेले. त्यानं ३६,००० सांगितले, ३२,००० ला ठरलं. बघताना तीन गोष्टी केल्या आणि त्या तिन्ही पुढे कामी आल्या. मोबाइलचा टॉर्च एफ-भोकातून आत मारून ठोकळ्याचा सांधा कुठं सुटलाय का ते पाहिलं. नेकमधला ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारा धातूचा दांडा, दोन्ही बाजूंना हलतो का, हे मालकालाच फिरवून दाखवायला सांगितलं. आणि चारही तारा प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहिल्या, अगदी वेळ लागला तरी. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, ब्रिज गंजलेला होता, डोकं जड होतं. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं. नेक वाकडी असती तर मी परत फिरले असते.

येताना कोयना एक्स्प्रेसमध्ये वाद्य दोन्ही गुडघ्यांत उभं धरून बसले. सांगली येईपर्यंत एका आजींनी तीनदा विचारलं, सतार आहे का. तिसऱ्यांदा मी हो म्हणाले.

सुधारणा कुठल्या क्रमानं करायच्या, यात मी चुकले. म्हणून आधी ते सांगते. पैसे खर्च करण्याआधी वाद्याचा सेटअप करावा, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवावी, मग तारा बदलाव्यात, मग नट बघावा, आणि विजेचं काम नि धातूचे भाग शेवटी. मी मात्र पहिल्याच आठवड्यात तारा मागवून बसले. जुन्या बासवर शोभतात त्या फ्लॅटवाऊंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, हाताला गुळगुळीत लागणाऱ्या. मोजलेच ४,८५० रुपये. पाकिटावर लाँग स्केल लिहिलेलं होतं. वाचलं होतं, पण जास्तीची तार कापता येईल असं वाटलं. बासची जाड तार टोकाकडे मुद्दाम बारीक केलेली असते आणि तो बारीक भागच खुंटीवर गुंडाळायचा असतो. लाँग स्केल तार छोट्या बासवर लावली की खुंटीवर जाड भागच येतो. मी तो कापला. पट्टीचा पीळ सुटला आणि सर्वात जाड ई तार दोन दिवसांत मुकी झाली. तार कापायचीच असेल तर आधी खुंटीशी काटकोनात वाकवून घ्यावी, मग वाकवलेल्या जागेच्या पुढं कापावी, म्हणजे पीळ सुटत नाही. पण मुळात शॉर्ट स्केलचाच संच घ्यावा. त्याआधी तारेच्या टोकाच्या बॉलपासून (धातूच्या गोळीपासून) नटपर्यंतचं अंतर टेपनं मोजावं, कारण काही बासमध्ये तार ब्रिजच्याही मागे टेलपीसपासून, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीपासून, निघते आणि दोन-चार इंच जास्त लागतात.

दुसरा संच ३,९०० रुपयांना मार्चमध्ये आला. तोवर जानेवारीत सेटअप शिकून घेतला होता. फीलर गेज मोटार स्पेअरच्या दुकानातून २५० रुपयांना आणला, तोच जो मेकॅनिक प्लगची फट मोजायला वापरतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, शेवटच्या फ्रेटवर बोट ठेवलं आणि सातव्या-आठव्या फ्रेटशी तारेखालची फट मोजली. ०.९ मिमी निघाली. ट्रस रॉड घट्ट करताना एका वेळी पाव फेराच फिरवायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी फट पुन्हा मोजायची. तीन दिवसांत फट ०.३ वर आली. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची ई खाली २.६ आणि सर्वात बारीक जी खाली २.२ मिमी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी पाच मिनिटं वाजवलं आणि करंगळी दुखली नाही. एवढंच. पण मला त्या दिवशी कामात लक्ष लागेना.

फ्लॅटवाऊंड लागल्यावर आवाज एकदम खाली बसला. तारेवरून बोट सरकल्याचा किरकिर आवाज गेला, स्वराच्या सुरुवातीला नुसता एक गोल ठोका उरला. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांखाली मला हाच आवाज हवा होता. पण त्याचबरोबर एक नवं दुखणं सुरू झालं. ए तार मोकळी वाजवली की तिच्यात एक झणझणाट यायचा. खरखर नव्हे, फ्रेटला तार आपटते तेव्हाचा टणत्कारही नव्हे. बारीक, लांब, वर वर चढत जाणारा झणझणाट.

या झणझणाटानं माझे पाच महिने घेतले. आधी वाटलं फ्रेट वर-खाली असतील. पट्टी ठेवून पाहिली, फ्रेट सरळ होते. तारांची उंची वाढवली, मग वाजवायला जड जायला लागलं, झणझणाट तसाच. ट्रस रॉड सैल केला, परत घट्ट केला. ब्रिजवर तार टेकते त्या सॅडलखाली सुती चिंधी घातली. आवाज मेला, झणझणाट उरला. मे महिन्यात ग्रुपची तालीम सोडून दिली आणि बास कपाटामागे ठेवला. एकदा विकायला काढला तो तेव्हाच. एकानं २२,००० देतो म्हटलं. रात्रभर विचार करून सकाळी नाही कळवलं.

जुलै २०२४ मध्ये कृष्णा वाढायला लागली. आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तेव्हा आमच्या खालच्या खोलीतली पेटी आणि तबल्याची जोडी गेली. भाता कुजला, पुड्या फाटल्या. त्यामुळे या वेळी पाणी चढतंय म्हटल्यावर कागदपत्रांची पिशवी, देव आणि बास, या क्रमानं आम्ही सामान विश्रामबागला बहिणीकडे नेलं. पाणी आमच्या गल्लीत आलं नाही. पण बहिणीकडच्या त्या आठ दिवसांत बास रोज समोर दिसायचा आणि मी पुन्हा रोज वाजवायला लागले. ओल इतकी होती की नेकची फट ०.३ वरून ०.४५ वर गेली. तेव्हापासून पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या आणि ३५० रुपयांचा आर्द्रतामापक ठेवते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर असं वर्षातून दोनदा ट्रस रॉड तपासते. आपल्याकडच्या हवेत याला पर्याय नाही.

बहिणीचे सासरे भजनाला पेटीची साथ करतात. त्यांनी एका संध्याकाळी तो झणझणाट ऐकला आणि म्हणाले, "अगं, तारेचं वाद्य आहे ना? मग मिरजेला का नेत नाहीस?"

मला खरंच हे सुचलं नव्हतं. मिरज आमच्यापासून अर्ध्या तासावर. एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तारवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी सतारमेकर गल्ली उभी केली. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे आणि तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. २०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातम्या मी वाचल्या होत्या. पण इलेक्ट्रिक बास आणि ती गल्ली यांचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नाही.

१० ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती म्हणून, सिटी बसनं गेले. दोन दुकानांत "हे आमचं काम नाही" असं सांगितलं. तिसऱ्या दुकानात सत्तरीच्या आसपासचे एक कारागीर तंबोऱ्याच्या तबलीला, म्हणजे पुढच्या लाकडी फळीला, कानस मारत बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, मीही तेच म्हटलं. त्यांनी बास मांडीवर आडवा घेतला, पाठीवर बोटांनी टकटक केलं, मधल्या ठोकळ्याशी आवाज बदलला तिथं थांबले आणि मान हलवली. मग ए तार एकदाच छेडली.

"ताई, ही तार जवारी धरतीया."

मी नुसती बघत राहिले. त्यांनी शेजारचा तंबोरा ओढला आणि घोडी दाखवली. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावरून सुटताना त्याला हलकेच चाटत जाते, त्यातून वरचे स्वर फुलतात. तीच जवारी. तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा सापडली की तंबोरा बोलायला लागतो. माझ्या बासवर तोच प्रकार चुकीच्या जागी झाला होता. नटमधली ए तारेची खाच उलट्या उताराची होती. पुढची कड, जिथून तार एका रेषेत सुटायला हवी, ती खाली गेलेली आणि मागची बाजू उंच. त्यामुळे तार सुटताना खाचेच्या तळाला चाटत होती. जुन्या बारीक तारांना ते जाणवलं नाही, जाड फ्लॅटवाऊंड बसवल्यावर उघड झालं.

"आमी जवारी लावायला दोन दोन दिस घालवतो," चाचा म्हणाले, "आन् तुमाला ती नको हाय."

"खालच्या सुराला नको, चाचा. तो स्वच्छ राहिला पाहिजे, म्हणजे वरचं गाणं ऐकू येतं."

यावर ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी काम घेतलं.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कळली असती तर माझे पाच महिने वाचले असते. झणझणाट फक्त मोकळ्या तारेवर येत असेल आणि पहिल्या फ्रेटवर बोट दाबताच जात असेल, तर दोष नटमध्ये आहे. फ्रेट, ब्रिज, ट्रस रॉड कशालाही हात लावू नये. ही परीक्षा करायला दहा सेकंद लागतात.

चाचांनी प्लास्टिकचा नट काढून हाडाचा नवा करायचं ठरवलं. पूर्वी घोड्याही हाडाच्याच करत, आता बऱ्याचदा फायबरच्या करतात, असं ते म्हणाले. मला तारांमधली अंतरं लिहून द्यायला सांगितली. घरी व्हर्नियरनं मोजून चिठ्ठी केली. चार तारांच्या मध्यांमध्ये सारखं अंतर ठेवायचं नसतं, तारांच्या कडांमध्ये सारखं ठेवायचं असतं, कारण ई तार जी तारेच्या दुपटीहून जाड असते. मध्य सारखे ठेवले तर जाड तारा बोटाला दाटीवाटीनं लागतात. हे चाचांना सांगायची गरज पडली नाही, त्यांनी चिठ्ठी बघून फक्त "बरोबर" म्हटलं.

नवरात्राच्या ऑर्डरी असल्यानं काम लांबलं. दुसरी खेप २४ ऑगस्टला, तिसरी २१ सप्टेंबरला. त्या शेवटच्या खेपेला मी समोर बसून पाहिलं. ते खाच कानशीनं चार-पाच वेळा ओढायचे, फुंकर मारायचे, तार बसवून छेडायचे, पुन्हा काढायचे. मोजमाप कुठलंच नाही. डोळे मिटून तार कुठं सुटते ते ऐकायचे. ए तारेला त्यांनी अकरा वेळा काढघाल केली. शेवटी पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं, म्हणजे सूर लावताना तार अडकत नाही. बाराव्या वेळी ए वाजली ती सरळ, गोल, ५५ हर्ट्झची एकच रेघ. मला रडू आलं. चाचांनी पाणी दिलं आणि पुढची तार हातात घेतली. पैसे घेतले ८००.

नट झाल्यावर वाद्याचा बाकीचा दोष ऐकू यायला लागला, तो म्हणजे घरघर. हात तारेवरून उचलला की अँपमधून ५० हर्ट्झची घरघर यायची, आणि बटणांची खरखर तर पहिल्या दिवसापासून होती. दिवाळीच्या सुट्टीत हे काम काढलं. सेमी-हॉलोच्या पाठीला झाकण नसतं. बटणं, कॅपॅसिटर, जॅक, सगळं एफ-भोकातून बाहेर काढायचं आणि तिथूनच आत घालायचं. मनात भीती होती, पण धीरानं केलं तर होतं.

नवे पॉट, म्हणजे बटणांखालचे फिरणारे भाग, मागवण्याआधी एफ-भोकाची रुंदी मोजा. माझ्या बासचं भोक सर्वात रुंद जागी २० मिमी आहे आणि सर्रास मिळणारा मोठा पॉट २४ मिमी व्यासाचा असतो, तो आत जाणारच नाही. म्हणून १६ मिमीचे छोटे घेतले, ५०० किलोओहमचे, ऑडिओ टेपर, म्हणजे बटण फिरवताना आवाज कानाला सारखा वाढत जाणारे. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. वायर, जॅक, स्विच धरून १,४५० रुपये झाले, सोल्डरिंग गन वेगळी ९००. भोकांच्या जागा पुठ्ठ्यावर आखून पुठ्ठ्यातच सगळी जोडणी सोल्डर करून घेतली, मल्टिमीटरनं तपासली, मगच आत घातली. जुनं बाहेर ओढण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधायचा. मार्केट यार्डात हळदीची पोती शिवतात तो सुताचा दोरा उत्तम, निसटत नाही. पहिल्या पॉटला मी दोरा बांधला नव्हता. तो नवा पॉट त्याच्या भोकात आणायला दीड तास गेला. उरलेल्या तिघांना प्रत्येकी पाच-सात मिनिटं लागली. मत्स्यालयातली प्लास्टिकची नळी गरम पाण्यात मऊ करून दांड्यावर चढवली की भोकातून वर खेचायला आणखी सोपं जातं. जॅकसाठी जुन्या केबलचा प्लग त्यात खुपसून तोच ओढायचा.

टेलपीसच्या खुंटाकडून एक वायर पॉटच्या पाठीवर येते, ती तारांचं अर्थिंग. माझी ती वायर तुटलेली होती. जोडली, तरी घरघर निम्मीच गेली. शेवटी ओळखीच्या वायरमनना बोलावलं. त्यांनी घराच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ३८ व्होल्ट दाखवले. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता आणि वायर गंजून सुटली होती. नवा पाइप, कोळसा, मीठ, मजुरी मिळून २,८०० रुपये. त्यानंतर २ व्होल्ट आले आणि घरघर गेली. बासच्या तारा धातूच्या, दोन्ही हात त्यांच्यावर, आणि दुसरं टोक अँपमधून घराच्या विजेला जोडलेलं. घराचं अर्थिंग तपासून घ्या, वाद्याच्या आवाजासाठी नव्हे, स्वतःच्या जिवासाठी. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

पिकअपही बदलायचे होते, चौदा हजारांचे पाहून ठेवले होते. या घराण्यातला नेककडचा मोठा पिकअप अंगानंच जाड आणि गढूळ बोलतो, अशी ख्याती आहे. पण वायरिंग नवं झाल्यावर तो दोन मिमी खाली उतरवला आणि ब्रिजकडचा एक मिमी वर घेतला. गढूळपणा बराच उतरला. स्क्रू-ड्रायव्हरनं काम भागलं, ते चौदा हजार वाचले.

राहिला ब्रिज आणि खुंट्या. जाड ई तार बाराव्या फ्रेटवर वरच्या सुरात जायची. सॅडल मागे सरकवून तार लांब करावी तर सॅडल आधीच शेवटाला टेकलेलं. लांब सरकणाऱ्या सॅडलचा ब्रिज हवा होता, आणि डोकं खाली झुकतं म्हणून हलक्या खुंट्या. दोन्ही परदेशातून मागवावं लागलं. ब्रिजच्या दोन खांबांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत, खुंट्यांच्या भोकांचा व्यास आणि डोक्याची जाडी, तिन्ही मापं तीन वेगवेगळ्या दिवशी घेतली. ११ डिसेंबर २०२४ ला १४,६०० रुपये भरले.

२१ डिसेंबरला पार्सल मुंबईत येऊन अडकलं. केवायसी मागितली, आधार चढवलं, नामंजूर. पार्सल माझ्या सासरच्या आडनावानं, पॅन माहेरच्या. विवाह नोंदणीचा दाखला चढवला, तर आधारवरचा पत्ता जुना निघाला. चालू वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, म्हणून बँकेचं पासबुक दिलं. मग बिलावर नुसतं "हार्डवेअर" लिहिलंय, त्याचा खुलासा हवा. विक्रेत्याला लिहून "बास गिटारचे सुटे भाग, ब्रिज १, खुंट्या ४" असं किमतीसकट दुसरं बिल मागवलं आणि पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा जोडला. ९ जानेवारीला मंजुरी आली. कर आणि हाताळणीचा आकार मिळून ६,२४० रुपये ऑनलाइन भरले, १६ जानेवारीला पार्सल हातात आलं. मागवतानाच बिल नीट करून घ्या आणि पॅनवर जे नाव आहे त्याच नावानं पार्सल मागवा. विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हे सांगते. माझे तीन आठवडे त्यात गेले, आणि त्यातल्या दोन रात्री पार्सल परत पाठवतील या भीतीनं झोप लागली नाही.

जुन्या चार खुंट्या आणि नव्या चार यांचं वजन आमच्या पतसंस्थेत सोनेतारणाला येणाऱ्या सोनारकाकांनी करून दिलं. ४३६ ग्रॅम आणि २४४. टोकावरचे १९२ ग्रॅम कमी झाल्यानं डोकं खाली झुकणं पुष्कळ कमी झालं, पूर्ण गेलं नाही. उरलेलं पट्ट्यानं गेलं. कोल्हापूरच्या एका चर्मकारांकडून तीन इंच रुंदीचा चामडी पट्टा, खरखरीत बाजू आत ठेवून, ६५० रुपयांना शिवून घेतला. तो खांद्यावरून सरकत नाही.

पाडव्याला स्टेजवर माझी जागा मॉनिटर स्पीकरच्या समोर होती. साउंड चेकला जी स्वर घोंघावायला लागला. मी दोन पावलं बाजूला सरकले, एफ-भोकांत फोमचे तुकडे बसवले आणि ऑपरेटरना १०० हर्ट्झच्या आसपास थोडं कापायला सांगितलं. मग सगळं शांत झालं. कार्यक्रम दोन तास चालला. खांदा दुखला नाही. शेवटच्या अभंगात तबलजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, तेवढं मला पुरलं.

१२ एप्रिलला बास आणि बॅटरीवर चालणारा छोटा अँप घेऊन मिरजेला गेले. चाचा एका नव्या तंबोऱ्याची जवारी लावत होते, पुरुषी तंबोरा, काळी एक या पट्टीचा. खर्जाच्या तारेखालचा धागा केसभर मागे-पुढे करत होते. मला बघून म्हणाले, "लावा की तुमचं बी." ए तारेवर चौथ्या पडद्यावर काळी एकचा षड्ज येतो, ६९ हर्ट्झच्या जरा वर, अगदी त्यांच्या खर्जाइतकाच. मी तो हलकेच वाजवला आणि सोडला नाही. त्यांनी तंबोऱ्याला हात लावलेला नव्हता, तरी खर्जाची तार आपली आपण थरथरायला लागली. चाचांनी तिच्यावर बोट ठेवून ती थांबवली, धागा आणखी थोडा सरकवला आणि म्हणाले, "आता पुन्ना."